पाकिटातला पाला

जळगाव
१२ जानेवारी २०२५

ती. नाना,

जय जिनेंद्र. मी हेमराज, धनसिंग पाटलांचा, तुमच्यापासून दोन घरं सोडून. ओळख लिहावी लागते, कारण मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे सगळ्या कॉलनीला माहीत आहे. याआधी एकच लिहायला घेतलं होतं, धुळ्याच्या कॉलेजात प्राचार्यांना, माफीचं. ते अर्ध्यात फाडलं आणि कॉलेजही अर्ध्यातच राहिलं.

तुम्हाला मुलाकडे धुळ्याला नेलं त्या दिवशी तुमची नात चेलना गाडीच्या काचेतून म्हणाली, "नानांना फोनवर ऐकू येत नाही, कानातलं मशीन शिट्टी मारतं. डोळ्यांचं तर तुम्ही बघताच. निंबाचं काय ते पत्राने कळवा, मी वाचून दाखवीन." म्हणून बसलो.

फाटकाची किल्ली माझ्याकडे दिलीत त्यावरून आमच्याकडे अजून चाललंय. वडील म्हणतात, "ज्याला कॉलेज सांभाळता आलं नाही त्याच्या हातात शेटजींनी झाड दिलं." हल्ली राग आवरतो.

निंब बरा आहे. दिवाळीनंतर तुम्ही जिथे पडलात ती फरशी मुळाने अजून वर उचललीय. तुम्ही दुपारपर्यंत तिथे पडून होतात आणि मला हाक ऐकू आली नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आता मी रोज सकाळी एक चक्कर मारतो. पाणी किती घालायचं, कुठे घालायचं, खोडाला वाळवीची माती दिसते तिचं काय करायचं, ते कळवा. कॉलेजात दोन वर्षं शेती शिकलो, पण तिथे कपाशीच्या पुढे कुणी गेलं नाही. अंगणातल्या म्हाताऱ्या झाडाचं कुणी शिकवत नाही.

जे कुणी हे पत्र मोठ्याने वाचत असतील त्यांनी मधे पाणी प्यावं. माझी वाक्यं लांब होतात.

आपला,
हेमराज


धुळे, गल्ली नं. ५
२० जानेवारी २०२५

चि. हेमराज,

आशीर्वाद. मी बोलतो, चेलना लिहिते. मी थांबत थांबत बोलतो, ती घाई करते, म्हणून शब्द गळला तर समजून घे.

आधी फरशी काढ. खोडाच्या भोवतीची सगळी. माझ्या मुलाने हौसेने बसवली होती, तेव्हापासून झाडाला श्वास नाही. पाणी खोडाशी ओतू नकोस. दुपारी सावली जिथे संपते तिथे आळं कर, तिथे पाणी दे. तोंड तिथे असतं झाडाचं.

वाळवीला औषध घालायचं नाही. माती हाताने हळू झाडायची आणि गेरू-चुना लावायचा. त्या जिवांना दुसरीकडे जायला सांगायचं, एवढंच. वाळकी फांदी काढायची झाली तर आधी घरटं आहे का बघायचं. आणि हिरव्या फांदीला हात लावायचा नाही. तो माझा नियम आहे, मुनी महाराजसाहेबांसमोर घेतलेला. हिरवं झाड तोडायचं नाही, तोडू द्यायचं नाही.

आम्ही दोंडाईच्याहून जळगावला आलो तेव्हा त्या प्लॉटवर काळ्या मातीशिवाय काही नव्हतं. घराच्या पायाआधी निंब लावला. लोक हसले, म्हणाले, शेटजी आधी सावली बांधतात, मग घर.

एक काम कर. दर पत्रात त्याचं एक पान टाक. मला दिसत नाही, पण चावलं की झाडाची तब्येत कळते. निरोगी निंबाचा कडूपणा जिभेवर बसून राहतो.

इथे सगळे चांगले आहेत. सकाळी रुपचंदभाऊ, माझा सोबती, हात धरून जैन स्थानकात प्रवचनाला नेतो, परत आणतो. बाकी दिवसभर मी खुर्ची. चैत्रात पालवी फुटली की मी घरी येणार आहे, हे मुलाला सांगून ठेवलंय.

प्रेमचंद

ता. क. हेमराज, वाळलेल्या फांद्यांचं सविस्तर लिहीत जा. नानांना त्याचीच काळजी असते. फोन करू नका, माझा फोन रोनकदादा उचलतो. तुमचं अक्षर चांगलं आहे. — चेलना


जळगाव
२९ जानेवारी २०२५

ती. नाना,

फरशी काढली. फावड्याने निघेना, पहार लावली. खाली मुळं फरशीच्या सांध्यासांध्यांतून चौकोनी झाली होती, माझ्या बोटाएवढी, जणू कुणी पट्टीने आखली. तिथे गाळाची माती आणि शेणखत घातलं. आई कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "काय रे, निंबले पानी घालस, घरना माठ कोन भरी?" मी म्हटलं माठाला मुळं नाहीत. त्यावर तिने मला जेवायला वाढलं नाही.

वाळवीची माती झाडली. त्यांना दुसरीकडे जायला सांगितलं. ऐकतील असं वाटत नाही, पण मी सभ्य भाषेत सांगितलं, कॉलेजसारखं नाही.

आता फांद्यांचं. सविस्तर लिहायला सांगितलं आहे म्हणून नीट चढून बघितलं. रस्त्याकडची मोठी फांदी टोकाला पूर्ण वाळली आहे, वाकवली की काडकन मोडते. मधल्या बेचक्यात कुणीतरी पूर्वी पोकळीत सिमेंट भरलंय, त्याच्या कडेने साल सुटली आहे आणि आत भुगा आहे. ज्या फांदीला झोका होता तिच्यात साखळी रुतून बसली आहे, तिच्या पुढचा भाग मेला आहे. विहिरीकडच्या दोन फांद्यांवर साल नाही. मुद्दाम फक्त वाळलेलं लिहितो आहे, हिरव्याचं सांगत बसत नाही. हिरवं तर आहेच.

त्या झोक्यावर दिवाळीच्या सुट्टीत कोण बसायचं ते मला आठवतं. मी तेव्हा आठवीत होतो आणि आमच्या गच्चीवर अभ्यास करायचो. नापास झालो.

पान टाकलं आहे. चांगलं जून, हिरवंगार निवडलं.

हेमराज

ता. क. ज्यांना अक्षर आवडलं त्यांच्यासाठी: कॉलेज मी अभ्यासाला कंटाळून सोडलं नाही. वर्गातला एक जण एका मुलीचं नाव घेऊन काहीतरी बोलला. मी त्याच्यावर बाक टाकला. मुलीचं नाव लिहीत नाही.


धुळे
८ फेब्रुवारी २०२५

चि. हेमराज,

तुझं पत्र चेलनाने दोनदा वाचलं. मीच पुन्हा वाच म्हटलं. इतकं वाळलं? मी असताना रस्त्याकडची फांदी चांगली होती. माणूस अंगणातून उठला की झाड खचतं का, रुपचंदला विचारलं. तो म्हणाला, खचत असेल.

पान हातात घेतलं तर चुरा झाला. चावलं, माती लागली. कडू नव्हतं. जेवण गेलं नाही.

तरी तू करतोस ते कर. आळ्यात पाणी दे. एखादी जरी फांदी हिरवी असली तरी मला कळव. एक पुरे.

प्रेमचंद

ता. क. पानगळ पूर्ण झाली की निंबाचा एक फोटो काढा. एकही पान नसेल तेव्हाचा. कागदावर काढून पाठवा. नानांना तर दिसणार नाही, मला हवा आहे, ठेवायला. — चेलना


जळगाव
२० फेब्रुवारी २०२५

ती. नाना,

पान वाळलं ते टपालाने. मी हिरवंच टाकलं होतं, आईची शपथ. या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवतो आहे. शेंड्याजवळचं शेवटचं आहे. बाकी सगळी गळली.

एक फांदी काय विचारता नाना, सगळा निंब जिवंत आहे. नखाने साल खरवडली की खाली हिरवं दिसतं. माघात निंब असा उघडा होतोच, तुम्ही मला सांगायचं ते मी तुम्हाला सांगतोय. चैत्र लागू द्या.

वाळकी टोकं काढायला मी उन्हाळ्याच्या आधी चढणार आहे. सिमेंटच्या कडेला सुटलेल्या पोकळीत पोपटाची जोडी येऊन बघून गेली. तिथे आता मी काही करत नाही. तुमचा नियम मला हळूहळू पाठ होतोय.

फोटो काढला. मागच्या बाजूने घेतला, तिथून पूर्ण उघडा दिसतो, आकाशासमोर काड्या काड्या. फोटो स्टुडिओवाला मोतीलाल म्हणाला, "अरे, मेलेल्या झाडाचा फोटो कोणाला पाठवतो? तू तरी उभा राहा त्याच्यापुढे." मी लाजलो. मग वाटलं उभा राहायला हवं होतं.

हेमराज

ता. क. चेलना, फोटो तुला ठेवायला हवा म्हणून मी तीन दिवस झाडाखाली थांबलो, शेवटचं पान पडेपर्यंत. तू मला 'हेमराज' लिहितेस. कॉलनीतल्या बाकी सगळ्या मुली 'हेमराजभाऊ' म्हणतात, दहावीच्याही आणि लग्न झालेल्याही. तू पहिल्या पत्रातही 'भाऊ' लिहिलं नाहीस, दुसऱ्यातही नाही. मी दोन्ही पत्रं परत परत बघितली. आईने विचारलं, शेटजी इतकं काय लिहितात?


धुळे
१५ मार्च २०२५

चि. हेमराज,

फोटो मिळाला. पान मिळालं. तू मेहनत घेतोस. माझी तब्येत बरी आहे.

प्रेमचंद

ता. क. हेमराज, तुमच्याशी बोलायचं आहे. पत्रात लिहिता येणार नाही. रविवारी, २३ तारखेला, दुपारी धुळ्याच्या बसस्टँडवर याल का? जळगावच्या गाड्या लागतात त्या बाजूला थांबा. उशीर झाला तरी थांबा. कुणाला सांगू नका. — चेलना


धुळे बसस्टँड
२३ मार्च २०२५, संध्याकाळ

चेलना,

हे पत्र इथल्याच रसवंतीच्या टेबलावर लिहितोय आणि इथल्याच पेटीत टाकणार आहे, म्हणजे उद्या तुझ्या हातात पडेल.

तू आली नाहीस. मी रागावलो नाही, आधी ते सांगतो. पारोळ्यापासून गाडीत उभा होतो, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून बसलो नाही. दुपारपासून जळगावच्या गाड्या बघतोय. कंडक्टर मला ओळखायला लागला. "बसता का नाही?" विचारतो. मी म्हणतो पुढच्या गाडीने. तो म्हणाला, "पुढच्या गाडीचाही कंडक्टर मीच."

मला माहीत आहे, रोनकने अडवलं असेल. किंवा नानांना बरं नसेल. मागच्या पत्रात त्यांनी चारच वाक्यं सांगितली, पाण्याचं विचारलं नाही, खाली सहीही त्यांची नव्हती, तू केली होतीस. तेव्हाच मला वाटलं तब्येत ठीक नाही. तू ते लपवतेस, मला काळजी नको म्हणून.

तुला सांगायला एक गोष्ट आणली होती. निंबाला पालवी आली. काल सकाळी बघितली, तांबूस, तेलकट, लहान मुलाच्या नखांसारखी. जी फांदी मी मेली म्हणून लिहिली होती, साखळीवाली, तिलाही. मी तुला पिशवीत आणली आहे थोडी. नानांना दे. ते म्हणाले होते पालवी फुटली की घरी येणार. गाडी मी घेऊन येईन, वडिलांच्या मित्राची आहे. तू पण ये त्यांच्यासोबत.

पालवी पाकिटात घालत नाही, चुरगळेल. परत नेतो. तुला हवी तेव्हा झाडावरून ताजी देईन.

तुझा,
हेमराज


जळगाव
२५ मार्च २०२५

चेलना,

रविवारी मी तुझी वाट बघत होतो तेव्हा रोनक माझ्या अंगणात होता. तुमच्या अंगणात. कसंही म्हण.

वडील सांगतात, तो सकाळी माझी गाडी सुटल्यावरच आला. टेम्पो, दोर, इंजिनवर चालणारी करवत, चार माणसं. वडिलांनी अडवलं. त्याने महानगरपालिकेचा परवाना दाखवला. त्याला जोडलेला फोटो वडिलांनी ओळखला, मोतीलालचा शिक्का होता मागे. रोनक म्हणाला, "काका, तुमच्या हेमराजनेच लिहून दिलंय सगळं, कोणकोणती फांदी वाळली ते. आम्ही त्याच्या शब्दावर केलं." वडील घरात आले आणि दार लावून बसले. मी परत आलो तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. बाक टाकला त्या दिवशी मारलं होतं. ते बरं होतं.

पालवी सगळ्या रस्त्यावर पडली होती. बकऱ्या खात होत्या.

पोपटांच्या पोकळीचा ओंडका टेम्पोत गेला. आत काय होतं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

तू मला धुळ्याला बोलावलंस कारण मी इथे असतो तर करवतीपुढे उभा राहिलो असतो. हे तुला बरोबर माहीत होतं. मला इतकं कुणी ओळखत नाही. इतकं ओळखून कुणी असं करतं का?

मी तुझं प्रत्येक वाक्य खरं मानलं. 'ठेवायला हवा' म्हणालीस. तू फोटो ठेवलास, पालिकेत.

हेमराज


जळगाव
२५ मार्च २०२५

ती. नाना यांस, रुपचंदभाऊंच्या हाती, स्थानक, धुळे

नाना,

हे पत्र घरच्या पत्त्यावर लिहायला घेतलं होतं. त्यात लिहिलं, "नाना, पाकिटात पालवी आहे, हात पुढे करा. हातात आली नाही तर समजा हे पत्र तुम्हाला खरं वाचून दाखवलेलं नाही." मग लक्षात आलं की ते वाक्यच तुम्हाला कुणी वाचून दाखवणार नाही. माझं डोकं असं चालतं. ते फाडलं. रुपचंदभाऊ, तुम्हाला मी ओळखत नाही, पण तुम्ही नानांचा हात धरता एवढं माहीत आहे. जसं आहे तसं वाचा, मधे काही गाळू नका, शिव्याही.

नाना, तुमचा निंब रविवारी तोडला. परवान्याच्या अर्जावर तुमची सही आहे, वडिलांनी बघितली. मी पहार घेऊन मुळांना हवा दिली, वाळवीशी सभ्यपणे बोललो, कारण तुमचा नियम होता. हिरव्या फांदीला हात लावू नकोस हे तुम्ही मला सांगितलंत, आणि अख्ख्या हिरव्या झाडाखाली स्वतः सही केलीत. वाण्याचा नियम दुसऱ्यासाठी असतो असं आमचे आजोबा म्हणायचे. मी तुमच्यासाठी त्यांच्याशी भांडलो होतो.

सोबत पालवी आहे. पडलेल्या फांदीवरची. गुढीपाडव्याला निंब खायचा असतो ना, तर हा खा. कडू लागला तर कळवू नका.

हेमराज


धुळे
२९ मार्च २०२५

हेमराजभाऊ,

तुमचं पत्र मिळालं. बसस्टँडवरचंही मिळालं. ते आधी वाचलं, त्यामुळे दुसरं वाचायला वेळ लागला.

तुम्ही नानांना निंबाखालून उचललंत. त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. माझ्या आजोबांना दवाखान्यात रात्रभर वाटत होतं की ते अजून अंगणातच पडलेत. मला म्हणायचे, ऊन आलं, मला सावलीत ओढा. आणि बरे झाल्यावर पहिलं वाक्य काय, तर पालवी फुटली की मी घरी जाणार. एकटे. पप्पांनी समजावलं, मी रडले, रोनकने आवाज चढवला. ते म्हणायचे, माझा निंब उभा आहे तोवर माझं घर आहे. मग सांगा मी काय करायचं होतं?

तुमची पत्रं मी वाचली, फक्त वाळलेलं तेवढं मोठ्याने वाचलं. एकही शब्द माझा घातला नाही. हिरवं तुम्ही लिहिलंच नव्हतं पहिल्यांदा. दुसऱ्यांदा लिहिलंत, ते मी वाचलं नाही. पान बदललं, हो. अंगणातल्या तुळशीखालची वाळकी पानं दिली. त्यांनी विश्वास ठेवला आणि सही केली, तेव्हा विचारलं, हेमराज पण म्हणतो का गेलं म्हणून? मी म्हटलं, हो.

धुळ्याला बोलावलं ते रोनकने सांगितलं म्हणून. पण लिहिलं मीच.

आणि दुसरं. तुम्ही जे वाचत होतात ते मी कधी लिहिलं नव्हतं. अक्षर चांगलं आहे म्हटलं, ते चांगलं आहे म्हणून. 'भाऊ' लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही इतकं लिहिलं नसतं. हे मला ठाऊक होतं. ते माझं चुकलं. आता लिहिते आहे.

प्लॉटचा सौदा झालेला आहे. कृपया पत्र पाठवू नका. पाडवा उद्या आहे, नाना सकाळपासून गप्प आहेत. स्थानकातून आल्यापासून.

चेलना


धुळे, स्थानक
१ एप्रिल २०२५

चि. हेमराज पाटील यांस,

रुपचंद लिहितो. प्रेमचंदभाऊ माझ्या शेजारी बसले आहेत. तुमचं पत्र जसंच्या तसं वाचलं. वाण्याचं वाक्यही वाचलं. मी वाणीच आहे, त्यामुळे ते दोनदा वाचावं लागलं. पुढचं ते सांगतात ते.

हेमराज, रुपचंद वाचत होता आणि मी पालवी चावत होतो. कडू होती. अजून जिभेवर आहे. मला कळलं तुझ्या पत्रात पुढे काय येणार.

सही मी केली. मला सांगितलं, हेमराज म्हणतो झाड गेलं. मी विचारलं होतं. तू म्हणतोस म्हटल्यावर मी दुसरं कुणाला विचारलं नाही. तुझ्या शब्दावर माझा नियम मोडला, आणि तुला वाटतं मी तुला फसवलं. आपण दोघं एकाच पाकिटात मेलो.

रागावून मला पत्र लिहिलंस ते बरं केलंस. गोड लिहिलं असतंस तर ते घरी गेलं असतं.

मला तिथे यायचं आहे. रुपचंद आणतो. रविवारी, एस.टी.ने. घरी सांगितलं आहे की मुनिदर्शनाला जातो. या वयात खोटं बोलायला लागलो, आता घरात सगळेच बोलतात.

प्रेमचंद


जळगाव
६ एप्रिल २०२५

चेलना,

पत्र पाठवू नका असं तू लिहिलं होतंस. हे माझं पत्र नाही. नाना बोलतात, मी लिहितो. आमच्याच ओट्यावर बसलो आहोत. तुमचं कुलूप रोनकने बदललं आहे, पण कुंपणाची तार फरशी काढताना मीच सैल केली होती, तिथून आत गेलो.

आधी झालं ते सांगतो. गाडीतून उतरल्यावर नाना आमच्या घरी आले नाहीत. सरळ म्हणाले, झाड. म्हणजे बुंधा. त्यांना हात धरून नेलं, तर चार पावलं आधीच थांबले. म्हणाले, इथे ऊन कसं? मग वाकून दोन्ही हातांनी बुंध्याची कड चाचपली. करवतीची जागा अजून ओली आहे, डिंक आलाय. बोट चाटलं. रुपचंदभाऊ त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. शेवटी मला विचारलं, "साखळी कुठे?" साखळी ओंडक्यात गेली. ते म्हणाले, "चेलना पाच वर्षांची असताना बांधली होती. तिने काढू दिली नाही, म्हणून रुतली."

मी विचारलं, नाना, थांबता का इथे, आई डबा देईल, दिवस मावळायच्या आत. आईने नुसतं तेवढं ऐकून मूग भिजत घातले. ते म्हणाले, "निंब नाही तर इथे मी कुणाकडे राहू?" म्हणजे तुला पाहिजे होतं ते झालं. ते परत येत आहेत, संध्याकाळच्या गाडीने, आणि आता पुन्हा जायचं म्हणणार नाहीत.

आता त्यांचं बोलणं. शब्द त्यांचे, अक्षर माझं.

"चेलना बेटा. तू मला ऊन लागू नये म्हणून माझी सावली तोडलीस. तुझं मन मला कळतं. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. मिच्छामि दुक्कडम. तुझ्याकडून काही चुकलं असेल तर ते मी सोडलं, माझ्याकडून चुकलं असेल तर तू सोड. मी घरी येतो, खुर्चीत बसेन, तू चहा दे, मी घेईन. प्लॉटच्या कागदावर सही मागू नका. फक्त आजपासून मला काही वाचून दाखवू नकोस. पेपरही नको. स्तोत्रही नको. रुपचंद वाचेल."

एवढंच. मी त्यांना पुन्हा वाचून दाखवलं आणि त्यांनी खाली सही केली आहे, ही त्यांचीच आहे, बघ, रेघ वर चढली आहे.

'रागावलेलो नाही' हे लिहिताना माझा हात थांबला. त्यांना दिसत नाही. मी 'रागावलो आहे' लिहिलं असतं तर त्यांना कधी कळलं नसतं, आणि तू आयुष्यभर ते बघून रडली असतीस. मला तेच हवं होतं. पेन तिथे टेकलंय त्याचा ठिपका पडला आहे, तो दिसेल तुला.

पण ते जसं म्हणाले तसंच लिहिलं आहे.

प्रेमचंद

ता. क. नानांनी सवयीने विचारलं, पाकिटात पान टाकलं का. मी हो म्हटलं नाही.